दोन्ही बाजूंची गाणी

त्या वर्षी श्रावण अर्धा सरला तरी माझं एकही गाणं तयार झालं नव्हतं. एरवी आषाढातच गण आणि गवळण बांधून होते, मग सवाल-जवाबांसाठी हात मोकळा राहतो. पण मी कामाला होतो त्या रसायनांच्या कंपनीत माणसं कमी केली होती आणि आमच्यावर पाळीला पाळी जोडून पडत होती. लोटे एमआयडीसीतून कंपनीची बस सुटली की मी खिडकीला डोकं टेकायचो, ते खेडला कुणीतरी खांदा हलवेपर्यंत. पूर्वी ह्याच प्रवासात मला ओळी सुचायच्या. आता झोप नीट लागत नव्हती आणि ओळही येत नव्हती, नुसता इंजिनाचा आवाज कानात भरून राहायचा.

मी जाखडीची गाणी लिहायचो. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे गावोगावी जाखडी नाचतात. मधे शाहीर, ढोलकीवाला आणि झांज घेऊन साथ करणारे बसतात, भोवती नाचणारे पायात चाळ बांधून गोल फिरतात. समोरासमोर दोन मंडळं असतात, एक शक्तीवाल्यांचं आणि एक तुरेवाल्यांचं. शक्तीवाले देवीला मोठं म्हणणार, तुरेवाले शंकराला. वाद पिढ्यानपिढ्या चाललाय; तो सुटावा अशी कुणाची इच्छाही नाही. देवांचं झालं की शाहीर एकमेकांवर घसरतात, आणि खरं तर लोक त्यासाठीच येतात. समोरच्याला आधी मानानं ‘बुवा’ म्हणायचं आणि मग गाण्यातून त्याची यथेच्छ टिंगल करायची, अशी रीत.

मी शक्तीवाला. माझ्यासमोर वर्षानुवर्षं एकच तुरेवाले बुवा असायचे, दाभोळचे. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. हयात मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, म्हणून गेलेली. ते गाणी कागदावर उतरवत नसत. बोटीवर बांधायचे, तिथल्या तिथे खलाशांकडून म्हणवून घ्यायचे आणि बोट बंदराला लागेपर्यंत ते गाणं सगळ्यांना पाठ झालेलं असायचं. जी ओळ खलाशांच्या तोंडात बसत नसे ती ते सरळ टाकून द्यायचे. माझ्या गाण्यात देवी आली की मी तिला मोठमोठी संस्कृत विशेषणं लावायचो. त्यांच्या गाण्यातली पार्वती शंकराला विचारायची, डब्यात तांदूळ नाहीत आणि तुम्ही अंगाला राख कसली फासत बसलाय? बायका हसून हसून पदर तोंडाला लावायच्या. मी समोर बसलेला असायचो, पुढच्या बारीत मला ह्याला उत्तर द्यायचं असायचं, तरी माझा हात आपोआप मांडीवर ठेका धरायचा.

माझी मुलगी दापोलीला कृषी विद्यापीठात शिकत होती. रविवारी घरी आली की मोबाइलवरचं काहीबाही वाचून दाखवायची. एकदा तिनं जगातल्या थोर गीतकारांची यादी वाचली. आधी अमेरिकेतले, मग इंग्लंडमधले, मग हिंदी सिनेमातले, आणि अगदी शेवटी चवीपुरते मराठी. मला विचारलं, “बाबा, तुमच्या मते सगळ्यात थोर कोण?”

मी जेवत होतो. म्हटलं, “दाभोळचे बुवा.”

ती हसायला लागली. “ते तर तुम्हाला भर मांडवात शिव्या घालतात!”

“म्हणूनच मला कळतं,” मी म्हटलं. ती आणखी हसली. मी गंमत करतोय असं तिला वाटलं असावं.

तर त्या श्रावणात एका दुपारी, पहिली पाळी करून मी खेडला बसमधून उतरलो तर बुवांचा मुलगा स्टँडवर उभा. तो त्यांच्या मंडळात ढोलकी वाजवायचा. चाळिशीचा माणूस, पण मला काकाच म्हणायचा. चहा घेऊ म्हणाला. चहा आला, निवला, तरी तो विषयाला हात घालेना.

शेवटी मीच विचारलं, “बुवा कसे आहेत?”

“शरीरानं बरे हायत,” तो म्हणाला. “पण आठवण राहत नाय, काका. गेल्या थंडीत आजारी पडले तेव्हापासून. आम्हाला ओळखतात, जेवतात, बंदरावर जाऊन बसतात. पण गाणं बांधायला बसले की पहिली ओळ धरतात, आणि चौथीपर्यंत पोचेस्तोवर पहिली सुटते. मग चिडतात. परवा झांज भिंतीवर मारली.”

मी म्हटलं, “मग यंदा कुणाकडून तरी लिहून घ्या.”

“घेतलं. मुंबईच्या एकानं पाठवलं, सिनेमाच्या चालीवर. आबांना म्हणून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि बोलले, ह्यात मी कुठं हाय?” त्यानं कप खाली ठेवला. “मग त्यांनीच तुमचं नाव घेतलं. बोलले, शक्तीवाल्याकडनं लिवून घ्या. त्यानं माझा मार खाल्लाय, त्याला माझा हात ठाऊक हाय.”

म्हणजे मी माझीही गाणी लिहायची आणि माझ्याविरुद्धची त्यांचीही. मला नाही म्हणायचं होतं. माझंच काही तयार नव्हतं, पाठ दुखत होती, डोळ्यांची जळजळ थांबत नव्हती. पण तो इतका संकोचून बसला होता की माझ्या तोंडून “बघतो” असं गेलं, आणि आमच्याकडे बघतो म्हणजे हो.

घरी बायकोला सांगितलं. ती कोंबडीच्या पिल्लांना कण्या टाकत होती. म्हणाली, “एक बाजू लिहिताना तुमच्या जिवाचं पाणी होतं. आता दोन्ही?”

“त्यांचं मंडळ बंद पडेल.”

“पडू दे की. कधीतरी पडायचंच.” मग माझ्या तोंडाकडे बघून तिनं हातातली वाटी खाली ठेवली. “लिहा. पण स्वतःला शिव्या घालताना अडलात तर मला विचारा. माझ्याकडे पुष्कळ साठल्यात.”

गण, गवळण, देवांचा वाद हे सगळं आश्चर्य वाटावं इतक्या सहज झालं. त्यांच्या शंकराला बोलतं करायचं म्हटल्यावर मला माझ्या देवीपेक्षा त्यांचाच आवाज जास्त ऐकू यायला लागला. कुठे थांबायचं, कुठे एक शब्द गिळून ढोलकीला जागा द्यायची, सगळं मला पाठ होतं. अडलो ते टिंगलीच्या गाण्यापाशी. माझ्यावर मी काय बोलू? माझं बसकं नाक, कपड्यांना येणारा कंपनीचा वास, हे सगळं त्यांचं पूर्वीच वापरून झालं होतं.

मग एक दिवस, दुसऱ्या पाळीला जाताना बसमध्ये, एकदम ओळी आल्या. कित्येक महिन्यांनी अशा आपसूक आल्या.

गळ्यात गॅस, डोक्यात भुसा, जुनंच दळण दळतोस रं
कंपनीनं तुझं गाणं खाल्लं, रिकामं जातं फिरवतोस रं

मी त्या ओळी तोंडातल्या तोंडात घोळवल्या. चाल पक्की बसत होती. पुढची तीन कडवी प्लँटवर उभ्या उभ्या झाली. त्यात सगळंच आलं: आवाज बसला ते, तेच यमक दरवर्षी येतं ते, नाचणारी पोरं माझी गाणी तोंड लपवून म्हणतात ते. मला फार बरं वाटलं. इतकं धारदार मी वर्षानुवर्षं काही लिहिलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी खेडहून दापोली आणि दापोलीहून दाभोळ, अशा दोन एसट्या करून मी बुवांच्या घरी गेलो. इतकी वर्षं एकमेकांची अब्रू काढली, पण त्यांच्या उंबऱ्यात पाय पहिल्यांदाच टाकत होतो. घर बंदराच्या वरच्या अंगाला. बुवा ओटीवर बसून जाळ्याचा फाटलेला भाग सांधत होते. हात सराईत चालले होते. मला बघून म्हणाले, “ये रे शक्तीवाल्या. हरलास काय, पायाशी आलास तो?”

मला हायसं वाटलं. ओळख होती तर. त्यांच्या मुलानं ढोलकी घेतली आणि मी एकेक गाणं म्हणून दाखवलं. गण ऐकताना त्यांनी डोळे मिटले. गवळणीला मान हलवली. देवांच्या वादात एका ठिकाणी मला थांबवून म्हणाले, “पार्वती नवऱ्याशी असा मोठ्यानं नाय बोलणार. भांडी आपटेल आणि मग बारीक आवाजात बोलेल.” मी ती ओळ तिथेच बदलली. मुलगा माझ्याकडे बघत होता. आबांना इतकं सलग बोलताना त्यानं बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं.

मग मी माझ्यावरचं गाणं काढलं. खरं सांगायचं तर ह्या गाण्याला ते दाद देतील अशी मला खात्री होती. चारही कडवी जोर लावून म्हटली. ढोलकी थांबली. बुवांचे हातही थांबले होते.

“ह्या कोणी लिवलानी?” त्यांनी विचारलं.

“मीच, बुवा. तुमच्या बाजूनं.”

“काढ ह्या.”

“चाल चुकली का?”

“चाल बरोबर हाय. गाणा चुकलाय.” त्यांनी जाळं बाजूला सारलं. “मी तुज्यावर कधी खरा बोललोय काय? आठव. नाक बोललो, वास बोललो, देवी तुला चहाला पण विचारत नाय असा बोललो. लोक हसले, तू पण हसलास, घरी जाऊन गप झोपलास. ह्या गाण्यानंतर तुला झोप लागेल काय?”

मी गाण्याचा कागद दुमडून खिशात घातला.

“माणसाला मांडवात बसवून त्याचा खरा त्यालाच सांगायचा, त्याला गाणा कशाला पायजे? ता तर शेजारी पण करतात.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “इतका दमलास तू?”

त्यांच्या सुनेनं तेवढ्यात चहा आणला म्हणून बरं झालं. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. बायकोनं विचारलं असेल, पण तिला मी उत्तर दिलं नव्हतं. बुवांपुढे मी नुसती मान हलवली.

“मग दुसरा बांधू,” ते म्हणाले. “तू एकदा बूट घालून नाचाला आलेलास, ता आठवतो?”

ते खरं होतं. फार वर्षांपूर्वी पाळी सुटायला उशीर झाला म्हणून मी वर्दीतच, सेफ्टी बूट घालून थेट मांडवात पोचलो होतो. सगळे अनवाणी आणि मी लोखंडी टोकाच्या बुटात. त्या दिवशी बुवा काही बोलले नव्हते. “गाणा तेव्हाच सुचलेला,” ते म्हणाले. “पण तुजा तोंड उतरलेला. बोललो, ऱ्हाऊ दे, पुढच्या वर्षी. मग ऱ्हायला.” आणि त्यांनी डोळे मिटून सुरू केलं.

अंगात वर्दी, पायात बूट, शक्तीवाल्याची स्वारी आली गं

पुढची ओळ येईना. त्यांनी पुन्हा पहिली म्हटली. पुन्हा म्हटली. कपाळावरची शीर फुगली. मुलानं ढोलकी बाजूला ठेवायला घेतली तशी मी त्याला खुणेनं थांबवलं आणि वाजवत राहा म्हटलं. ठेका चालू राहिला. मी पहिली ओळ म्हटली, मग ते, मग मी. मी ती धरून ठेवत होतो म्हणजे त्यांना धरावी लागू नये. बऱ्याच फेऱ्यांनंतर ते एकदम खुदकन हसले.

देवीनं त्याला दारात अडवला, गेटपास दाव बोलली गं

मुलाचा हात ढोलकीवरून घसरला इतका तो हसला. आत सून हसली. मी तर डोळे पुसत होतो. कंपनीच्या गेटवर रोज पास दाखवताना मला हे कधी सुचलं नव्हतं. संध्याकाळची एसटी सुटेपर्यंत आम्ही ते गाणं बांधलं. ओळी काही त्यांच्या, काही माझ्या. त्यांची ओळ निसटली की मी ती पकडायचो, माझी जड झाली की ते म्हणायचे, “हलका कर, हलका कर.” निघताना त्यांनी विचारलं, “तू कोणाचा रे?” मी नाव सांगितलं. “हां,” ते म्हणाले, आणि पुन्हा जाळं घेतलं.

कार्यक्रम गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी शाळेच्या पटांगणात होता. चाकरमान्यांच्या गाड्या संध्याकाळी सुटणार म्हणून जेवणं झाल्या झाल्या सुरुवात केली. मी आदल्या दिवशी दोन पाळ्या करून आलो होतो. माझ्या बारीत मी म्हटलं ते सगळं ठीक होतं. लोकांनी टाळ्या दिल्या, तेवढ्याच, जेवढ्या नेहमी देतात. समोर तुरेवाल्यांच्या बाजूला बुवांना खुर्चीत बसवलं होतं, डोक्याला फेटा बांधून.

मग त्यांच्या मुलानं आवाज लावला. वर्दी आली, बूट आले, आणि देवीनं गेटपास मागितल्यावर मांडवात जो हशा उसळला तो आवरेचना. मांडवातली निम्मी माणसं लोट्याला कामाला जाणाऱ्यांच्या घरची. नाचणाऱ्यांपैकी एकानं रखवालदारासारखा हात आडवा धरला, तर बाकीचे फिरता फिरता त्याच्यासमोर खिसे चाचपायला लागले. हे आम्ही बसवलेलंच नव्हतं. लोकांनी ते कडवं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. माझी बायको बायकांत बसून सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. मी मान खाली घालून बसलो होतो, समोरचा शाहीर आपली टर उडवतोय म्हटल्यावर बसायचं असतं तसा. त्या दिवशी मी हरलो, ते मांडवातल्या लहान पोरालाही कळलं असतं.

शेवटी एकमेकांना श्रीफळ आणि शाल द्यायची असते. मी शाल घेऊन बुवांपाशी गेलो. त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळे हसून ओले झाले होते.

“फाडला तुला आज तुरेवाल्यानं!”

“हो बुवा. फाडला.”

“कोण हाय तो? बूट घालणाऱ्याला गेटपास... मेल्यानं काय बांधलाय गाणा! नवा हाय काय कोण?”

मी त्यांच्या मुलाकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघत ढोलकीची दोरी सोडत होता.

“दाभोळचा आहे,” मी म्हटलं.

“मग असणारच,” बुवा म्हणाले, आणि खूश होऊन त्यांनी शाल खांद्यावर ओढून घेतली.

शिमगा झाल्यावर ते गेले. मी रजा टाकून दाभोळला जाऊन आलो. तिथे त्यांची गाणी म्हणणारी माणसं होती, पण कोणतं गाणं कुठं संपतं ह्यावर त्यांचं एकमत नव्हतं. पुढच्या गणपतीत माझ्यासमोर एक तरुण तुरेवाला आला. चांगला गाणारा होता, माझा मान ठेवणारा. मी त्याच्यावर गाणं बांधायला बसलो आणि काहीच आलं नाही. तो मला ठाऊक नव्हता आणि आता नव्यानं कुणाला ठाऊक करून घेण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. नुसते देवांचे सवाल म्हणून मी खाली बसलो. लोक मधेच उठून वडापाव खायला गेले. त्यानंतर मी लिहिणं सोडलं. मंडळात अजून जातो, मागे बसून झांज धरतो. गाणी आता दुसरे लिहितात.

ह्या उन्हाळ्यात बायकोच्या माहेरी, गुहागरकडे, हळदीला गेलो होतो. संध्याकाळी अंगणात मोठे स्पीकर लावले होते. दोन-तीन सिनेमातल्या गाण्यांनंतर एकदम ओळखीचा ठेका सुरू झाला. खाली भलतंच संगीत भरलं होतं, आवाजही कुणा अनोळखी पोराचा, पण शब्द तेच. नवऱ्या मुलाचे मित्र एकमेकांना हात आडवे करून गेटपास मागत नाचत होते.

मी गाणी लावणाऱ्या मुलापाशी गेलो. “हे कुणाचं आहे रे?”

त्यानं मोबाइल डोळ्यांसमोर धरला. “पारंपरिक लिहिलंय, काका. जुनं असेल कुठलं तरी.”

बायको मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, “सांगा ना त्याला.”

काय सांगणार होतो? त्यातली कुठली ओळ त्यांची आणि कुठली माझी हे मला आता नक्की आठवत नव्हतं, आणि स्पीकरच्या आवाजात ओरडून सांगण्याइतका दम नव्हता. त्या मुलानं विचारलं, “बंद करू का?”

“नको, चालू दे,” मी म्हटलं आणि भिंतीलगतची एक खुर्ची ओढून बसलो. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. बायको पानं मांडली का ते बघायला आत गेली.